दादाने मारलेले टाके

आमच्या घराच्या भिंती नेहमी पांढऱ्याशुभ्र असत, आणि तो सगळा कार्बाइडचा प्रताप होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅस तयार करायची एक लोखंडी टाकी होती. तिच्यात पाणी आणि कार्बाइडचे खडे घातले की गॅस निघे आणि तळाशी चुन्यासारखा गाळ उरे. आई तो गाळ डब्यात भरून आणी, पातळ करी आणि भिंतींना देई. त्यामुळे जोगेश्वरीतल्या त्या बैठ्या चाळीत आमच्या खोलीला लसणीसारखा एक उग्र वास कायमचा बसला होता. पाहुणे आल्या आल्या नाक मुरडत. आम्हाला मात्र तो घराचाच वास वाटे. शेजारच्या तबेल्यातल्या शेणाचा, आईच्या तव्यावरच्या सुकटीचा आणि या गॅसचा, असे तीन वास एकमेकांत मिसळले की आम्ही घरी पोचलो असं समजायचं. आता मुलुंडला मुलाच्या फ्लॅटमध्ये सगळं कसं बिनवासाचं आहे. कधीमधी खाली गटाराचं काम निघतं, लोखंडाचे पाइप जोडायला कुणीतरी येतो, आणि माझे पाय आपोआप खिडकीकडे वळतात.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मालवणकडचे. गावाहून आले ते गिरणीत लागले, पण तिथली आत कोंडलेली हवा त्यांना मानवली नाही. अंधेरीच्या एका गॅरेजात ते गाड्यांचा पत्रा ठोकायला शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःची शेड घातली. ठोकलेला, चेपलेला, सडलेला पत्रा पुन्हा मूळ आकारात आणायचा हे त्यांचं काम. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्याच्या मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा. पत्रा या दोहोंच्या मध्ये सापडला की अप्पा सांगतील तसा वळे. सकाळी पेज पिऊन ते शेडमध्ये गेले की त्यांची ठोकठोक सुरू होई. आई घरातून नुसत्या आवाजावरून सांगे, काम कुठवर आलंय. आवाज जड असला तर अजून मोठे खड्डे काढणं चाललंय. हलका आणि भरभर झाला की हात फिरवणं चाललंय, म्हणजे आता भात चढवायला हरकत नाही. ती तेवढ्यात कुळथाची पिठी ढवळायला घेई. आवाज थांबला की ताट मांडी. आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मोहन. गॅसची जोडणी त्याच्याकडे होती. अप्पा पत्रा घडवत आणि दादा तो जोडी. अप्पा जितके कमी बोलत तितका हा बोलका. शीळ घालत काम करायचा, काळा चष्मा कपाळावर चढवून चाळीतल्या बायकांच्या फुटक्या बादल्या सांधून द्यायचा, आणि रविवारी क्रिकेटच्या पायी जेवण विसरायचा. मी मॅट्रिकला गणितात गेले होते आणि घरी बसले होते. आईला वाटे मी शिवणकाम शिकावं. दादा म्हणाला, "शिवणच शिकवतो तिला, पत्र्याचं." आईला ती थट्टा वाटली. पण दुपारी अप्पा आडवे झाले की तो खरोखरच मला शेडमध्ये बोलवायचा आणि पत्र्याचे तुकडे जोडायला द्यायचा.

"चष्मा लाव आधी, कुसुम. डोळे गेले तर तुला कोण करून घेणार?" तो म्हणायचा. मग माझ्या खांद्यामागे उभा राहून सांगायचा, "ज्योत जवळ नेलीस की पत्र्यावर एक चकाकता थेंब तयार होतो. तो दिसला की तार लावायची आणि पुढे सरकायचं. रेंगाळलीस तर भोक पडलं म्हणून समज. अख्खा सांधा एका दमात करायला गेलीस तर वाट लागली. पत्रा तापून फुगतो, मग ब्रह्मदेव आला तरी सरळ होत नाही. आधी लांब लांब टाके मारायचे. एक या टोकाला, एक त्या टोकाला, एक मध्ये. मग दोन टाक्यांमधली जागा थोडी थोडी भरत जायची, इथे थोडी, तिथे थोडी." त्याचे टाके ओळखू येत. डाळीच्या दाण्याएवढे, गोल, सगळे सारखे. माझे भजीसारखे वेडेवाकडे. तो हसायचा, पण पुन्हा करायला लावायचा. वर्षभरात माझा हात बरा बसला. अप्पांना हे ठाऊक होतं. त्यांनी ना कधी कौतुक केलं, ना कधी मनाई.

ती काळी गाडी वेसाव्याच्या एका नाखव्याची होती. त्याच्या स्वतःच्या होड्या होत्या. बायकोचे पाय अधू झाले, चालता येईना, म्हणून त्याने कुणा परदेशी निघालेल्या साहेबाची ही जुनी गाडी घेतली होती आणि तो तिला तीत बसवून देवाला, बाजाराला, माहेरी फिरवी. पण समुद्राच्या दारात उभी राहणारी गाडी. खाऱ्या वाऱ्याने ती खालून पार खाल्ली होती. वरून बघितली तर झकास. दाराखालचा पत्रा अंगठ्याने दाबला की पापडासारखा मोडे. अप्पांनी खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, दोन्ही बाजूंचा दाराखालचा पत्रा आणि अर्धा तळ कापून नवा घालावा लागेल, वेळ लागेल. नाखवा उघड्या अंगावर टॉवेल टाकून उभा होता. म्हणाला, "घाय नाय. नीट कर. माझी बायको तिच्यान बसते."

अप्पा आणि दादा दोघांनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, सीटा आणि पेट्रोलची टाकी काढली, आत लाकडी टेकू दिले, कारण खालचा पत्रा कापला की गाडीची कंबर खचते आणि मग दारं लागत नाहीत. अप्पांनी नवे पत्रे घडवले. एका बाजूचं सगळं काम पुरं झालं. दुसऱ्या बाजूचा सडका पत्रा कापताना एक गंजकी कड सुटून दादाच्या पायावर पडली आणि घोट्याच्या खाली खोल शिरली. पत्रा लागणं ही आमच्या घरी काही बातमी नव्हती. त्याच्या आणि अप्पांच्या हातांवर अशा रेघाच रेघा होत्या. आईने जखम धुतली, हळद भरली, चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी तो लंगडत कामाला लागला. त्याच आठवड्यात त्याने नवा पत्रा जागेवर बसवला आणि त्याला टाके मारले. पत्रा धरून ठेवणारे लोखंडी चिमटे सोडवून, लांबून, एक डोळा मिटून त्याने तो पाहिला. "बस," तो मला म्हणाला, "आता नुसतं भरत जायचं. सोमवारी करू."

सोमवारी सकाळी त्याला तोंड उघडेना. आईने आंबोळी केली होती. त्याने तुकडा ओठांशी नेला आणि हसूनच म्हणाला, "आई, दात धरलेत गं." आम्हाला वाटलं अक्कलदाढ असेल. आईने लवंग दिली. दुपारपर्यंत मान ताठ झाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याचा जबडा पाहिला, मग पाय पाहिला, आणि आपली स्वतःची गाडी काढली. इस्पितळात पोचल्यावर आम्हाला कळलं, धनुर्वात. हल्ली लहानसं खरचटलं तरी लोक इंजेक्शन घेऊन मोकळे होतात. माझा नातू सायकलवरून पडला तेव्हा त्याला सुई टोचताना तो रडला आणि मीही रडले. घरच्यांना त्याचं नवल वाटलं.

त्या वॉर्डात अंधार होता. खिडक्यांना जाड काळे पडदे. चपला बाहेर काढायच्या, भांडं वाजवायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. उजेडाने किंवा आवाजाने रोग्याला झटका येतो, असं नर्सने खुणेनेच सांगितलं. झटका आला की दादाचं अंग धनुष्यासारखं वर उचललं जाई, टाचा आणि डोकं तेवढं गादीला टेकलेलं. शुद्ध मात्र पूर्ण होती. डोळे आमच्याकडे लागलेले असत. ज्या घरात सकाळपासून लोखंडावर लोखंड आपटत असे, त्या घरातली आम्ही माणसं तिथे श्वाससुद्धा जपून घेत होतो.

एका सकाळी मी आणि अप्पा दाराशी उभे होतो. बाहेर, समोरच्या पडवीवर, कुणीतरी छपराचा पत्रा ठोकायला सुरुवात केली. साधंच काम असेल, खिळा बसवायचं. पहिल्या ठोक्याला दादाचं अंग उचललं गेलं. दुसऱ्याला पुन्हा. अप्पा तसेच अनवाणी बाहेर धावले. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. त्यांनी शिडीवर चढून त्या माणसाचा मनगटाशी हात धरला होता. काय बोलले ते ऐकू आलं नाही. तो माणूस भला होता, त्याने लगेच हातोडी खाली ठेवली आणि अप्पांना हाताला धरून शिडीवरून उतरवलं. पण ते ठोके अप्पांनी ऐकले होते आणि त्या ठोक्यांनी दादाचं काय केलं तेही पाहिलं होतं. ते परत आत आले नाहीत. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा गेला.

मग आमच्या घराला जी शांतता आली ती मला अजून नीट सांगता येत नाही. तबेल्यातल्या म्हशी रवंथ करताना ऐकू येत. आई भात कधी चढवायचा ते विसरे. कधी तो गिचका व्हायचा, कधी कच्चा राहायचा, आणि आम्ही तसाच खायचो. हळदीचा डबा तिने फळीच्या मागे सारून ठेवला आणि कितीतरी दिवस आमटी फिकी केली. अप्पा सकाळी उठून शेडमध्ये जात, गाडीशेजारी स्टुलावर बसत. कुणी काम घेऊन आलं तर हाताने नको म्हणत. हातोडी खुंटीला होती. ते तिच्याकडे पाहतही नसत.

नाखवा आला. त्याला बातमी लागली होती. तो बराच वेळ अप्पांच्या शेजारी जमिनीवर उकिडवा बसला, आईने दिलेला चहा प्यायला आणि गाडीबद्दल अवाक्षर न काढता गेला. पुढेही दोनतीनदा येऊन तसाच बसून गेला. शेवटी अप्पांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी अंधेरीहून ओळखीचा एक वेल्डर बोलावला. तो आला, गॅस लावला, ज्योत बारीक केली, आणि पत्र्याशी वाकणार एवढ्यात अप्पांनी दादाच्या टाक्यांवर आपला तळहात ठेवला. तो काढेनात. वेल्डर म्हणाला, "अप्पा, भाजेल. हात काढा." अप्पा म्हणाले, "नको. ऱ्हवांदे. तू जा." त्या माणसाने ज्योत विझवली आणि मला नजरेनेच नमस्कार करून निघून गेला.

तेव्हा मला कळलं. सांधा भरायचा म्हणजे दोन्ही बाजूंचा पत्रा वितळवायचा, आणि त्यात मधले टाकेही वितळतात. काम पुरं झालं की टाका उरत नाही. आमच्याकडे दादाचं दुसरं काय होतं? त्याने केलेली बाकीची सगळी कामं कुणाच्या कुणाच्या गाड्यांमधून गावभर हिंडत होती. या गाडीच्या पुऱ्या झालेल्या बाजूलाही आता टाका दिसत नव्हता. शेडमध्ये उरले होते ते एवढेच, डाळीच्या दाण्यांसारखे, एका ओळीत.

त्यानंतर बरेच महिने गेले. एके दिवशी नाखव्याच्या बायकोला दोघा माणसांनी खुर्चीवर बसवून रस्त्याने उचलून नेताना आईने पाहिलं. घरी येऊन तिने पिशवी खाली ठेवली ती थेट शेडच्या दारात.

"गाडी अशी अडकवन ठेवन झील परत येतलो काय?" ती अप्पांना म्हणाली.

अप्पांनी स्टूल गाडीकडे वळवलं.

"माजो पण तो झीलच होतो," आई म्हणाली. "मी रोज चूल पेटवतंय मां? तुमी पण तुमचा काम करा."

"माज्यान होवचा नाय," अप्पा म्हणाले.

मी आईच्या मागे उभी होते. मी म्हटलं, "अप्पा, मी भरते. दादाने मला शिकवलंय." अप्पा स्टुलावरून उठले, गाडीपासून बाजूला झाले आणि बाहेर अंगणात जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. नाही म्हणाले नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीत कार्बाइड घातलं. दादाचा चष्मा मला मोठा होता, त्याचा पट्टा गाठ मारून आवळला. ज्योत लागली तेव्हा मी कोपर गाडीला टेकवलं. काळ्या काचेतून बाकी सगळं जग नाहीसं झालं आणि फक्त तो चकाकता थेंब राहिला. मी पहिल्या टाक्याशी आले. तो आधी लाल झाला, मग पिवळा, मग बाजूच्या पत्र्यासारखाच पातळ होऊन त्यात मिसळून गेला. मी तार लावली आणि पुढे सरकले. चष्म्याच्या आत पाणी साचलं तर थेंब दिसणार नाही, भोक पडेल, म्हणून मी रडले नाही. थोडं इथे, थोडं तिथे. मध्ये मध्ये ओली चिंधी ठेवून पत्रा निववत होते.

पण नुसतं भरून भागत नाही. गरम आहे तोवर सांध्यावर हातोडी फिरवावी लागते, नाहीतर निवताना तो आवळतो आणि शेजारचा पत्रा ओढून वाकडा करतो. ते काम नेहमी अप्पांचं. मी हाक मारली. अप्पा उठले नाहीत. मी खुंटीवरची हातोडी घेतली, ठोकळा मागे धरला आणि मारायला लागले. दादाने मला जोडायला शिकवलं होतं, ठोकायला नाही. ठोके तिरके पडत होते, पत्र्यावर चंद्रकोरी उमटत होत्या. आता सगळं बिघडणार हे मला दिसत होतं आणि थांबताही येत नव्हतं.

मागून माझ्या मनगटावर हात आला. अप्पांनी हातोडी माझ्या हातातून काढून घेतली. चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी ठोकळा नीट टेकवला आणि पहिला ठोका मारला. मारला आणि डोळे गच्च मिटले, अंग आक्रसलं, जणू शेजारी कुणीतरी झोपलंय. दुसरा मारायला त्यांनी फार वेळ लावला. मग तिसरा. मग हात आपला आपण चालू लागला. मी भरत गेले, ते माझ्या मागोमाग ठोकत आले. एकदाच ते म्हणाले, "हळू गो. फुगतलो." चाळीतले लोक दारात येऊन उभे राहिले होते आणि कुणी जवळ येत नव्हतं. घरातून आईची चाहूल नव्हती. ती चुलीपुढे बसून होती, हे नंतर शेजारणीने सांगितलं. भात करपला तरी उठली नाही.

संध्याकाळी सांधा पुरा झाला. पुढचे काही दिवस अप्पांनी कानस मारली, सांधा गुळगुळीत करायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, मागून रंगारी येऊन काळा रंग देऊन गेला. त्या गाडीनंतर अप्पांनी पुन्हा पत्रा ठोकला नाही. शेड दुसऱ्याला दिली आणि ते अंधेरीच्या एका कारखान्यात दरवान म्हणून लागले. तिथे गेटवर बसून दिवसभर रस्त्याकडे बघत. मी पुढे रेडिओच्या कारखान्यात तारांना सोल्डरिंगचे डाग द्यायच्या कामाला गेले. सगळ्या बायकाच होतो तिथे. माझं काम सगळ्यांत स्वच्छ म्हणून सुपरवायझरने एकदा विचारलं होतं, कुठे शिकलीस. मी म्हटलं, घरी. माझं लग्न झालं, मुलं झाली, आई-अप्पा आपापल्या वेळी गेले. आजकाल गाडीचं दार चेपलं तर अख्खं नवं दार आणून बसवतात, आणि ते बरंच आहे. पण मला सांगायचं होतं ते गाडी गेली त्या दिवसाचं.

नाखवा बायकोला घेऊनच आला होता. बरोबरच्या दोघा माणसांनी तिला उचलून मागच्या सीटवर बसवलं. तिने दार ओढलं आणि ते एका झटक्यात, हलकेच लागलं. गाडीची कंबर खचली नव्हती. नाखवा मात्र लगेच आत बसला नाही. तो दाराखालच्या पत्र्याशी वाकला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने बोटं फिरवली, आणि अप्पांना विचारलं, "यान तुझे पोराचा काम कंचा, आन् पोरीचा कंचा?"

अप्पा म्हणाले, "दिसूचा नाय."

नाखव्याने मान हलवली. मग त्याने अप्पांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि मग तो गाडीत बसला. तबेल्याला वळसा घालून गाडी रस्त्याला लागली. ती दिसेनाशी झाली तरी अप्पा तिथेच होते. आत आले तेव्हा आई पाटावर बसून ताटं मांडत होती. अप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. दादा गेल्यापासून आई-अप्पांनी एकदाही त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"मोहनाचा काम गेला गो," अप्पा म्हणाले.

आईने पेजेचा वाडगा त्यांच्या ताटाशी सरकवला. "जांवदे," ती म्हणाली. "पुरा झाला मां? जेवा आता."